आत्याच्या झेब्र्यांची वाटणी

अन्याय झाला तो तुझ्या झेब्र्यांवर, आत्या. गेल्या रविवारी, तुझ्या तेराव्याच्या दिवशी, दुपारी शेवटची पंगत उठल्यावर. जागा दौंडमधली तुझी राहती खोली. करणारे आपलेच लोक. सुरुवात केली तुझ्या धाकट्या दिरानं, तात्यांनी. साड्या वाटून झाल्या होत्या, भांडी वाटून झाली होती. तात्या हात पुसत काचेच्या टाकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आता हे बी वाटा. ज्याला त्याला एकेक मासा. वहिनीची आठवण म्हणून नेतील समदी."

आणि समद्यांनी नेला. कुणी लोणच्याच्या बरणीत, कुणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत. भांडगावच्या तुझ्या नणंदेनं तर तिच्या वाट्याला आलेल्या तुझ्याच कळशीत नेला. मी मागच्या दारी पातेली घासत होते. आत आले तेव्हा टाकीतली झाडं अजून हलत होती आणि त्यांच्यातून फिरणारं कुणी दिसत नव्हतं. एकच झेब्रा राहिला होता. तोही पानांत शिरून बसला म्हणून कुणाच्या गाळणीत सापडला नाही.

मी तात्यांना तिथल्या तिथं विचारलं, "हे काय केलंत?"

"काय केलं? भांडणं नगं म्हणून सारखी वाटणी केली."

"तुम्ही मेंढरं राखलीत तात्या. एका घरी एक मेंढरू, असं कधी वाटलंत?"

"मेंढरं आन् मासं, काय फरक हाय का न्हाई?"

पुढं बोलता आलं नाही. घर माणसांनी भरलं होतं, आणि मामा, म्हणजे तुझे यजमान, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. म्हणून राहिलेलं भांडण मी इथं पुरं करते. आमच्या शिरूरच्या मंडळींचं पत्रक निघतं ते तुला माहीत आहे. ठेकेदारीवरच्या कामगारांवर, मुलींच्या एस.टी.च्या वेळांवर, पाण्याच्या टँकरवर. ह्या वेळी मागचं पान तुझं. लोक म्हणतील, ही पोरगी आता माशांवरून भांडायला लागली. लागली. कुणाकडून शिकली तेही सांगते.

पण आधी हे मान्य करते, की वाईट हेतू कुणाचाच नव्हता. बाई गेली की तिची साडी एकीनं नेसायची, तिची परात दुसरीनं वापरायची, म्हणजे ती चार घरांत थोडी थोडी राहते, ही आपली रीत. चांगली रीत आहे. तुझी हिरवी इरकल मी नेली, शिरूरला माझ्या पेटीत आहे. पण साडी पेटीत एकटी राहू शकते. झेब्रा राहू शकत नाही. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, अंगावर निळे पट्टे, आणि डोक्यात एकच विचार, की बाकीचे कुठं आहेत. बाकीचे दिसले तर तो दिवसभर पळतो, खातो, भांडतो, चमकतो. नाही दिसले तर तळाला जाऊन बसतो. हे मी पुस्तकात नंतर वाचलं. तू पहिल्या दिवशीच ओळखलं होतंस.

तो पहिला दिवस मला पक्का आठवतो. बारावीनंतर मला तुझ्याकडं पाठवलं होतं. शिरूरला कॉलेज नव्हतं असं नाही, पण शिरूरला राहिले तर मोर्च्यांत जाईन ही दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भीती. त्यांना वाटलं, बहिणीकडं राहील तर गप्प राहील. गप्प राहण्यापुरतं त्यांचं बरोबर होतं, कारण तुझ्या घरात दिवसा आवाज करायची सोयच नव्हती. एक खोली, मागं स्वयंपाकघर, आणि मामांच्या शिफ्टा. मामा कुरकुंभला केमिकल कंपनीत. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. नाईटच्या आठवड्यात मामा दिवसा झोपायचे आणि तुमचं घर मुकं व्हायचं. कुकर तू शेजारणीकडं लावायचीस, शिट्टी होते म्हणून. बांगड्या कोपरापर्यंत सरकवून भाकरी थापायचीस. रेडिओ बंद, टीव्ही बंद, बोलणं हातवाऱ्यांनी. मीठ हवं तर चिमूट दाखवायची, पाणी हवं तर अंगठा.

म्हणून तू मासे घेतलेस. हे कारण मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. लोक शोभेसाठी घेतात, वास्तूसाठी घेतात, डॉक्टर दवाखान्यात ठेवतात म्हणून घेतात. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "आवाज न करता एवढं पळणारं दुसरं काय हाय, सांग."

बाजारातल्या दुकानदारानं तुला दोन दिले होते. "मावशी, जोडी न्या. जोडी शुभ असती." घरी आणून टाकीत सोडले तर दोघंही शिंपल्यामागं. तू पाट घेऊन समोर बसलीस. भात गार झाला तरी उठली नाहीस. मग म्हणालीस, "ही भ्यालीत. दोघांचा कुठं कळप हुतोय व्हय?" आणि पदर खोचून परत बाजारात. मी मागोमाग.

"काय झालं मावशी, मेले का?"

"मेले न्हाईत. कळप दे."

"कळप म्हंजी किती?"

"कळप दिसंल एवढं."

त्यानं जाळीनं काढून पिशवीत सोडायला सुरुवात केली आणि तू आमटीत मीठ बघावं तशी पिशवीकडं बघत राहिलीस. "अजून. अजून टाक. हां, आता भरल्यागत वाटतंय." त्यानं मोजायला घेतले तर तू त्याच्या हातावर हात ठेवलास. मोजायचे नाहीत. आपल्या घरात मेंढरं कधी मोजत नव्हते, मोजली की कमी होतात म्हणून. आजोबा नुसते कळपाकडं नजर टाकायचे आणि सांगायचे, एक कमी हाय. ह्या खुळ्या समजुतीवर मी तुझ्याशी किती वाद घातला. त्यामुळं त्या रविवारी किती मासे वाटले गेले, हे भूतलावर कुणालाच माहीत नाही. तात्यांची सोय झाली, माझी अडचण.

त्या दिवशी संध्याकाळी ते टाकीत एकदम सुटले. अख्खा घोळका ह्या टोकाहून त्या टोकाला, मध्येच वळण, मध्येच दोघांची शर्यत, परत सगळे एका रेषेत. तू तोंडाला पदर लावून हसत होतीस, कारण आत मामा झोपलेले. "पट्टेवाले हायेत हे," म्हणालीस. "पर तहसीलमधले पट्टेवाले बसून असत्यात. माझे बघ कसे पळतात." तेव्हापासून तुझ्या घरात ते पट्टेवालेच.

आणि ते लेंडीखत, आत्या. हे सांगितल्याशिवाय मी पुढं जाणार नाही, तू कितीही डोळे वटारलेस तरी. कालव्यातून तू लांब पात्यांचं गवत उपटून आणलंस, पण दुकानातल्या निळ्या-गुलाबी खड्यांत ते रुजेना. "रुजंल कसं? खायाला काय हाय त्याला?" मेंढपाळाची लेक. माहेरी गेलीस आणि येताना एस.टी.त मांडीवर लेंडीखताची पिशवी. ज्या खतासाठी बागायतदार आपल्या लोकांना हात जोडतात, की आमच्या रानात मेंढरं बसवा, ते खत काचेच्या टाकीत का चालू नये? तू पाटीभर अंथरलंस. वर वाळू. वर पाणी. मासे तेवढ्यापुरते हंड्यात होते म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी पाणी चहासारखं. नंतर हिरवं. नंतर काय झालं ते वासावरून गल्लीला कळलं.

मामा सेकंड शिफ्ट करून आले, दारातच थांबले. "कंपनीत बी वास, घरात बी वास. मी आता झोपाय कुठं जाऊ, मेंढरांत?"

"जावा की," तू म्हणालीस. "तिथं तर ह्यापेक्षा कमी येतोय."

दुसऱ्या खेपेला तू शहाणी झालीस. जुनं, वाळून भुगा झालेलं मूठभर खत, त्यात बांधाची माती, आणि वर चार बोटं नदीची वाळू. पाणी नितळ राहिलं. पाती दाट झाली, वर पोचून पाण्यावर आडवी पसरली. भारनियमनात हवेचा पंप बंद पडायचा तेव्हा आधी तू तांब्यानं पाणी उचलून वरून धार सोडायचीस, माशांना श्वास मिळावा म्हणून. झाडं वाढली तसं तेही लागेना. तू पंप काढून ठेवलास. तेवढाच आवाज होता टाकीचा, तोही गेला.

आता शिफ्टांचं सांगते, कारण माझं सगळं राजकारण तिथून सुरू झालं.

टाकी खोलीत, मामांच्या खाटेसमोर. नाईटच्या आठवड्यात दिवसा खिडकीला चादर, खोलीत अंधार, म्हणून टाकीचाही दिवा बंद. मामा कामावर गेले की तू दिवा लावायचीस. फर्स्टच्या आठवड्यात बरोबर उलटं. म्हणजे दर आठवड्याला माशांचा दिवस रात्रीत जायचा आणि रात्र दिवसात यायची. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण त्या घरात सगळंच असं चालायचं. जेवण शिफ्टनं, पाहुणे शिफ्टनं, भांडणसुद्धा शिफ्टनं. मासे तेवढे वेगळे कसे असतील?

मग पाती काचेसारखी पातळ होऊन गळायला लागली. काचेवर शेवाळाचे केस. पट्टेवाल्यांचे निळे पट्टे फिके पडले, पळणं थांबलं, कोपऱ्यात तोंड वर करून सगळे लटकल्यासारखे. तुला वाटलं, नजर लागली. मीठमोहऱ्या हातात घेऊन तू टाकीवरून ओवाळायला निघालीस.

"आत्या, नजर नाही," मी म्हणाले. "रोटेशन लागलंय त्यांना. दिवस कधी आणि रात्र कधी हेच कळत नाही. रंग जाईल नाहीतर काय?"

मामा डबा भरत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मला किती वर्सं झाली रोटेशनला. माझा रंग कुणी बघितला का?"

तू मीठमोहऱ्या खाली ठेवल्यास. मी मामांकडं बघितलं. मी त्यांच्या घरात जेवत होते, त्यांच्या झोपेसाठी पायात चप्पल न घालता वावरत होते, आणि मी त्यांच्या तोंडाकडं नीट त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. मग मामाच हसले. "निदान माशास्नी तरी ओव्हरटाइम दे गं."

माझं पहिलं पत्रक मी त्या आठवड्यात लिहिलं. कंपनीचं नाव घालायला तू मनाई केलीस, मामांची नोकरी जाईल म्हणून, आणि मी तुझं ऐकलं. मागणी एकच होती. पाळी दर आठवड्याला बदलू नका, माणसाच्या अंगाला सवय होईल एवढा तरी काळ एका पाळीवर ठेवा. कुरकुंभच्या फाट्यावर आम्ही कॉलेजातल्या चौघींनी वाटलं. कंपन्यांनी काय केलं? काही नाही. हे मी गोड करून सांगणार नाही.

पण तू केलंस. तू पेटीतून आजोबांची काळी घोंगडी काढलीस, जी अंगावर घेऊन ते रानात निजायचे, आणि खोलीच्या मधोमध तार बांधून टांगलीस. अलीकडं टाकी, पलीकडं खाट. लोकरीतून उजेडही जाईना आणि आवाजही. तेव्हापासून टाकीचा दिवा सकाळी लागायचा आणि दिवस मावळला की विझायचा, मामांची पाळी कोणतीही असो. एका खोलीत एकाच वेळी एका बाजूला दिवस आणि एका बाजूला रात्र. महिन्याभरात पट्टे परत आले. मामा नाईट करून आले की सरळ झोपायला जात नसत. चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसायचे. "जरा दिवस बघतो," म्हणायचे, "मग जातो रात्रीकडं." आणि घोंगडी सारून आत.

त्या घोंगडीच्या अलीकडं बसून मी भाषण करायला शिकले. महाराष्ट्रात एवढ्या हळू आवाजातलं भाषण दुसऱ्या कुणी केलं नसेल. मूठ आवळायची, हात उंच करायचा, आणि कुजबुजायचं, "बंधूंनो आणि भगिनींनो." समोर तू आणि पट्टेवाले. मी 'तीव्र निषेध' म्हणाले की तू तोंड वाकडं करायचीस.

"काय झालं?"

"तुझं काय हाय, तू आधी भांडतीस आन् मग सांगतीस कशापायी. आधी सांग कुणाचं काय गेलं. कवा गेलं. मग भांड, मग ऐकंल माणूस."

"आणि शब्द?"

"शब्द बारकं घे. एवढा मोठा दाणा टाकला तर ह्यांच्या तोंडात जातोय का?" आणि चिमटीत माशांचं खाणं भुगा करून पाण्यावर भुरभुरायचीस. माझ्या मंडळींना वाटतं, मी शिबिरात शिकले. शिबिरात मी फक्त मोठ्यानं बोलायला शिकले.

आपला एक वाद मात्र राहिला. मी म्हणायचे, काच म्हणजे तुरुंग. त्यांना कुणी विचारलं होतं का? बंगालकडच्या ओढ्यातला मासा आणि दौंडच्या खोलीत कोंडलेला. तू म्हणायचीस, ही काच न्हाई, वाघर हाय. रात्री मेंढरांभोवती जाळी लावतात ना, ती.

"वाघर काय मेंढरं पळू नयेत म्हणून लावत्यात व्हय? लांडगा आत येऊ नये म्हणून लावत्यात."

"मान्य. पण सकाळी वाघर काढतात आणि मेंढरं रानात जातात. ह्यांना कधी सोडतेस?"

तू हातातलं काम करत राहिलीस. मग म्हणालीस, "बघू."

ते 'बघू' तसंच राहिलं. दोन पावसाळे मी तोच प्रश्न विचारला आणि दोन्ही वेळा तेच उत्तर. तुझ्याकडं उत्तर नव्हतं हे मला माहीत होतं, आणि तुलाही माहीत होतं, आणि तरी तू दर शनिवारी टाकीचं पाणी बदलायचीस. नळाचं पाणी आदल्या दिवशी हंड्यात भरून ठेवायचीस, टीसीएल पावडरीचा, म्हणजे क्लोरीनचा, वास उडून जाईस्तोवर. मला आजही वाटतं, माझंच बरोबर आहे. पण ज्यांना घरात आणलंय, त्यांचं काय करायचं, ह्या प्रश्नावर माझ्या पत्रकात कधी ओळ नव्हती. तुझ्याकडं त्याचा रोजचा कार्यक्रम होता.

आणि पिल्लं झाली तो दिवस. मी परीक्षा देऊन आले तर तू दारातच बोट ओठावर ठेवून उभी. हाताला धरून टाकीपाशी नेलंस आणि भिंग हातात दिलंस, मामांचं पेपर वाचायचं. पात्यांच्या गुंत्यात काहीच दिसेना. मग एक मोहरी हलली. मग शेजारची. प्रत्येक मोहरीला दोन डोळे. "मोठी खात्यात त्यास्नी, पर झाडात लपली ती वाचली," तू म्हणालीस. तुझा आवाज कुजबुजीचाच, पण सारखा फाटत होता. मामा घोंगडीआडून म्हणाले, "बाळंतीण कोण हाय? पेढं आण म्हणावं." झोपलेच नव्हते. मग आपण तिघं जे हसलो ना, नाईटच्या आठवड्यातल्या भर दुपारी, आवाज करून, ते त्या घरातलं मी ऐकलेलं दिवसाचं पहिलं हसू.

हे मी तुला कधी म्हणाले नाही. बी.ए. झाल्यावर पेटी उचलून शिरूरला निघाले तेव्हाही म्हणाले नाही. एस.टी. सुटेपर्यंत आपण माशांच्या खाण्यावर बोलत राहिलो. म्हणायचं होतं ते एवढंच, की माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा गोंगाट तुझ्या त्या मुक्या खोलीत झाला. आता म्हणते. उशीर झाला म्हणून गप्प बसायची मला सवय नाही.

आता इथली बातमी.

तेराव्यानंतर चौथ्याच दिवशी तुझ्या लेकाचा, मी तुझ्याकडं होते तेव्हा वसतिगृहात असलेल्या संजूचा, हडपसरहून फोन. "ताई, आईचा मासा तळाला बसून हाय. खात न्हाई. पाणी बदललं, भारीतलं खाणं आणलं, समोर बसून बोलतो बी त्याच्याशी. काय करू?" एवढा बाप्या, आवाज रडवेला. भांडगावच्या नणंदेकडचा तर मेला. कळशीतच. ती रानातनं आली आणि बघते तर वर तरंगत. आत्या, ती मला म्हणाली, "वहिनी माझ्यावर रागावली गं. माझ्या हातचं तिनं घेतलं न्हाई." दोन दिवस जेवली नाही ती बाई.

इथं मात्र मला संताप येतो, आणि तो तिच्यावर नाही. ज्या वाटणीनं एक मासा मारला आणि वर एका भल्या बाईच्या डोक्यावर पाप ठेवलं, त्या वाटणीवर येतो. मी तिला सांगितलं, आत्या रागावली नाही. मासा एकटा होता. तुम्ही कितीही जीव लावला असता तरी तो एकटाच होता. तिला पटलं का, माहीत नाही. तू सांगितलं असतंस तर पटलं असतं.

परवा मी दौंडला गेले. मामांची नाईट चालू आहे. म्हणजे दुपारी ते झोपलेले असायला हवेत. ते टाकीसमोर पाटावर बसले होते. दिवा लावलेला. झाडं हिरवीगार, आणि त्या एवढ्या मोठ्या रानात तो एक राहिलेला पट्टेवाला, पात्याला चिकटून. घोंगडी एका बाजूला सारलेली.

मी म्हटलं, "मामा, झोपला नाहीत?"

"झोप कुठं येतीय. लई शांत हाय."

ज्या माणसाच्या झोपेसाठी घर वर्षानुवर्षं कुजबुजलं, त्याला आता शांततेनं झोप लागत नव्हती.

"तात्यांना तेव्हाच का नाही अडवलंत?"

"काय म्हणून अडवू? लोकं तिची आठवण मागत हुती. न्हाई म्हणू?" मग काचेवर बोट फिरवत बसले. तो मासा बोटामागं आला नाही. "तू आण की गं मागून. मला न्हाई जमायचं. दिलेलं परत मागाय तोंड लागतं." आणि थोडं हसले. "तुला हाय."

मला आहे. म्हणून हे मागणं, आणि ते वाचणाऱ्याकडं.

तुम्ही पाहुण्यांपैकी असाल आणि आत्याचा झेब्रा तुमच्याकडं असेल, तर येत्या रविवारी तो दौंडला घेऊन या. ज्या पाण्यात आहे त्याच पाण्यात आणा, भांडं अर्धं रिकामं ठेवा, उन्हात धरू नका. लाज वाटून घेऊ नका, कुणी जाब विचारणार नाही. तात्या, तुम्हीही या, तुमच्या दोन बाटल्या दिसल्या होत्या मला. आठवण हवी असेल तर मामा तुम्हाला टाकीतल्या गवताचं एकेक रोप देतील. ते एकटं जगतं. ज्यांचा मासा मेला त्यांनी रिकाम्या हातानं यावं, पण यावं. आत्याच्या भांडगावच्या नणंदेला मी स्वतः न्यायला येते.

आणि तुम्ही पाहुणे नसाल, आत्याला कधी बघितलंही नसेल, पण तुमच्या दुकानात गल्ल्याशेजारी, दवाखान्यात, टीव्हीवरच्या बरणीत असा एखादा पट्ट्यांचा मासा तळाशी बसून असेल, तर तो आजारी नाही, आळशी नाही आणि शुभही नाही. त्याला आजच त्याच्यासारखे सोबती आणा, किंवा जिथं त्याचे सोबती आहेत तिथं नेऊन सोडा. पत्रक इथंच ठेवा आणि उठा.